आमची सात सीटची गाडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण बोलण्यातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय विचारला तर म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. गुंतवणुकीवर बोला." म्हटलं, बोलतो, पण माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात तोट्याच्या गुंतवणुकीवर बोलतो. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. बारा वर्षं ती ए विंगच्या खाली, जिन्याशेजारी उभी असायची. आमची सात सीटची गाडी. गेल्या वर्षी ती विकली. का विकली, हे दोनचार जणांनाच माहीत आहे. आज सगळ्यांना सांगणार आहे, आणि त्यासाठीच मी ही पंधरा मिनिटं मागून घेतली आहेत.

आधी थोडा इतिहास. आपण २००० साली इथे राहायला आलो, तेव्हा खाली स्कूटर होत्या आणि पाचसहा मारुती ८००. पार्किंगचे पट्टे आखले गेले ते पंधरा फूट लांब आणि आठ फूट रुंद. मारुती ८०० ची लांबी अकरा फूटसुद्धा भरत नाही. त्यामुळे पट्ट्यात गाडी लावून मागे कुंड्या ठेवायची सोय होती. सात माणसांची गाडी ही तेव्हा भाड्याने घ्यायची गोष्ट होती. आम्ही बँकेच्या वसुलीला तालुक्यात जायचो तेव्हा टाटा सुमो असायची. १९९४ साली आपल्या पुण्यातच निघालेली, सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन 'सुमो' झालेली. मागे समोरासमोर बाकं, पट्टा वगैरे काही नाही. खड्डा आला की आम्ही अधिकारी लोक एकमेकांच्या मांडीवर.

मग क्वालिस आली, नाशिकची स्कॉर्पिओ आली, इनोव्हा आली, आणि सात सीटची गाडी घराच्या दारात दिसायला लागली. मी २०१२ साली निवृत्त झालो. घरात आम्ही मोजून सात माणसं: माझी आई, आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं. गावी चिपळूणला जायचं म्हणजे दोन गाड्या किंवा एसटीचं रिझर्व्हेशन. मुलगा म्हणाला, "बाबा, एकच मोठी घेऊ." चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही ५०० आदल्याच वर्षी बाजारात आली होती. कंपनी तिला 'फाइव्ह डबल ओ' म्हणायची, आपले वॉचमनमामा शेवटपर्यंत 'पाचशे' म्हणत राहिले. दसऱ्याला गाडी घरी आली.

आता गंमत बघा. गाडीची लांबी ४५८५ मिलिमीटर. आपला पट्टा पंधरा फूट, म्हणजे ४५७२ मिलिमीटर. गाडी पट्ट्याच्या बाहेर अर्धा इंच! त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या अर्ध्या इंचावर पाऊण तास चर्चा झाली. इतिवृत्तात आहे, बघा कोणीतरी. शेवटी तेव्हाच्या अध्यक्षांनी निकाल दिला की गाडी भिंतीला चिकटवून लावावी. पण भिंतीला चिकटवली की मागचं दार उघडत नाही, कारण ते वरच्या बाजूला उघडतं. म्हणजे सामान भरायचं तर गाडी आधी पुढे घ्या, सामान भरा, मग परत मागे. मोठी गाडी घेणाऱ्यांनी आधी टेप घेऊन खाली यावं, हा माझा पहिला सल्ला. आणि लांबीबरोबर दार उघडायला लागणारी जागाही मोजावी.

दुसरा सल्ला बँकेतला. मी पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो की निवृत्तीचा पैसा घसरत्या वस्तूत घालू नका. गाडीची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते. विम्याच्या हिशेबात ती चार वर्षं उलटली की निम्म्यावर येते. हे सगळं माहीत असून मी घातला. पण सवयीप्रमाणे वही ठेवली, पै न् पै लिहिली. बारा वर्षांत गाडी ९६ हजार किलोमीटर चालली. घेतली साडेचौदा लाखांना, विकली अडीच लाखांना, म्हणजे बारा लाख तिथेच गेले. डिझेल घेतलं तेव्हा पन्नासच्या आसपास होतं, विकताना नव्वदच्या. लिटरला बारा किलोमीटर धरून डिझेलचे झाले पाच लाख चाळीस हजार. विमा तीन लाख वीस हजार. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, दोनदा क्लच, मिळून चार लाख चाळीस हजार. एकूण बेरीज बरोबर पंचवीस लाख. म्हणजे गाडीनेही आपला रौप्यमहोत्सव साजरा केला! किलोमीटरला सव्वीस रुपये पडले. एवढ्यात भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट आली असती. आणि त्या ९६ हजारांपैकी सातही सीट भरून गाडी किती चालली? वहीत तेही आहे. अकरा हजार किलोमीटर. बाकीचं अंतर मी, सौ. आणि भाजीची पिशवी.

मग घ्यायला नको होती का? थांबा, तिथे येतो.

आधी ती चालवायची कशी, ते सांगतो, कारण आता आपल्याकडे तशा चौदा गाड्या आहेत. आमची आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची, उंची चार फूट दहा इंच. गाडीत चढणं तिला जमेना. वॉचमनमामांनी एक लाकडी पाट ठोकून दिला, त्यावर पाय देऊन आई चढायची. तो पाट बारा वर्षं गाडीतच राहिला. उंच गाडी घेताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शोरूममध्ये न्या, चढवून उतरवून बघा. रंग नंतर बघा.

तिसरी रांग म्हणजे पोरांची जागा. मधल्या रांगेतली बाजूची सीट पुढे दुमडून तिथे जावं लागतं. मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. ती रांग मागच्या चाकांवर येते, त्यामुळे घाटात सगळ्यात जास्त हेलकावे तिथेच. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरताना पहिल्या खेपेला दोन्ही नातवंडांनी आलेपाकासकट सगळं बाहेर काढलं. दोष माझाच. मी गाडी एकट्याने चालवल्यासारखी वळवत होतो. सात माणसं बसली की चारपाचशे किलो वजन वाढतं. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि वळणावर गाडी झुकते. टायरमध्ये हवा किती भरायची, याचा भरलेल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. तो किती जण वाचतात? घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे शूर मी पाहिले आहेत. मी त्यांना कर्ज दिलं नसतं.

सामानाचंही तसंच. सातही सीट उभ्या असल्या की मागे जेमतेम दोन हँडबॅगा मावतात. मे महिन्यात चिपळूणहून येताना दोन आंब्याच्या पेट्या टपावर बांधायचं मुलाच्या मनात होतं. आधीच उंच गाडी, वर आणखी वजन. मी पेट्या एसटीच्या पार्सलने पाठवल्या. घरी दोन दिवस अबोला होता. आंबे मात्र चांगले निघाले.

आणि पट्टा. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, हा नियम जुना आहे. पण ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात अपघातात गेले, मागच्या सीटवर पट्टा नव्हता अशी बातमी आली, तेव्हा कुठे आपण दचकलो. आमच्या गाडीत नियम असा होता की सातवा पट्टा 'टक' वाजल्याशिवाय मी किल्ली फिरवत नसे. आई म्हणायची, "मेल्या, मला गुरासारखी बांधतोस होय?" पण बांधून घ्यायची.

२०१६ साली आई गेली. २०१८ साली मुलगा, सूनबाई, नातवंडं बंगळूरला गेली. सात सीटच्या गाडीत आम्ही दोघं उरलो. सौ. म्हणाली, "विकून टाका, रिकाम्या सीट बघवत नाहीत." मी टाळत राहिलो. मग हळूहळू त्या सीट तुम्ही भरल्यात.

बी विंगमधल्या आजींना रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं, तेव्हा मधली रांग मागे करून त्यांना आडवं झोपवून नेलं. भजनी मंडळाच्या सहाजणी दर कार्तिकीला आळंदीला. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांचं कोरोनाचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा चारचार जण, मास्क लावून, चारही काचा खाली करून, अशा माझ्या नऊ फेऱ्या झाल्या. लोक डिझेलचे पैसे द्यायला लागायचे आणि मी घ्यायचो नाही, तेव्हा काहींना वाटलं काका भाव खातात. तसं नव्हतं. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने वापरली तर ते नियमात बसत नाही, आणि त्या वेळी अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. बँकेत जन्म गेला, हे कलम डोळ्यांआड कसं करू? मग तुम्ही लाडू, सांडगे, फणसाची भाजी पाठवायला लागलात. त्याची नोंद वहीत नाही.

तर घ्यायला नको होती का, याचं उत्तर हे. हिशेबाने नको होती. पण त्या गाडीमुळे मला माझ्याच सोसायटीतली माणसं कळली. निवृत्तीनंतर दार लावून बसलो असतो, तसा बसलो नाही.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

डिसेंबर २०२३. संध्याकाळचे साडेपाच. सौ.ला दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी गेटकडे तोंड करून लावायचा कंटाळा केला होता, त्यामुळे रिव्हर्स घेत बाहेर काढत होतो. मागचा कॅमेरा माझ्या गाडीत नव्हता, बाहेरून बसवून घेतलेले सेन्सर होते. ते वाजत होते. पण ते नेहमीच वाजायचे, भिंतीला वाजायचे, कुंड्यांना वाजायचे. रोज वाजणारी घंटा माणूस ऐकत नाही. माझी मान दोन वर्षांपासून डावीकडे पूर्ण वळत नव्हती. आरशात काही दिसलं नाही, म्हणून मागे घेतली.

वॉचमनमामांनी गाडीवर जोरात थाप मारली आणि ओरडले. मी ब्रेक दाबला. खाली उतरून बघतो तर मागच्या बंपरखाली एक छोटी गुलाबी सायकल, पुढचं चाक वाकडं झालेलं. आणि शेजारी आपली एक चार वर्षांची चिमुरडी उभी. सायकल सोडून ती बॉल घ्यायला बाजूला झाली होती. किती वेळापूर्वी, ते मी मामांना विचारलं नाही. ते सांगायला लागले तेव्हा त्यांना थांबवलं.

त्याच संध्याकाळी मी तिच्या आईवडिलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती माउली मला एका शब्दानेही बोलली नाही. पाणी दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन खाली गेलो. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि मामांना अडीच फुटी स्टूल गाडीच्या मागे ठेवून हळूहळू लांब न्यायला सांगितलं. आरशात मला ते स्टूल कधी दिसलं? सतरा फुटांवर गेल्यावर. आपल्या पार्किंगच्या अख्ख्या पट्ट्याहून जास्त. म्हणजे बारा वर्षं मी सतरा फूट न बघता मागे जात होतो. गाडी कोणत्याही कंपनीची असो, उंच गाडीच्या मागे असा आंधळा पट्टा असतोच. बुटका ड्रायव्हर असला की तो आणखी वाढतो. २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले आहेत, पण सेन्सर ऐकणारा माणूसही लागतो.

माझं लायसन्स मार्च २०२४ ला संपत होतं. पंचावन्न उलटल्यावर ते पाचपाच वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-ए. ओळखीचे डॉक्टर आहेत. म्हणाले, "या हो, दोन मिनिटांत सही करून देतो, तुम्हाला काय झालंय!" मी फॉर्म घेऊन गेलो होतो. तसाच परत आलो.

मित्रहो, पस्तीस वर्षं मी एक नियम पाळला. कागद न बघता सही करायची नाही. मॅनेजर रागावले, पुढारी रागावले, एकदा सख्खा मेहुणा रागावला, तरी नाही. आणि आता मला हवी होती ती कोणीतरी न बघता केलेली सही! ती मी कशी घेऊ? माझ्या शाखेत असा फॉर्म आला असता तर मी तो परत पाठवला असता.

लायसन्स रिन्यू केलं नाही. एप्रिलमध्ये गाडी विकली. पाट ठेवून घेतला.

खोटं बोलत नाही, पहिले सहा महिने फार वाईट गेले. कोणाला न्यायचं असलं की आपण उपयोगाचे राहिलो नाही असं वाटायचं. आता रिक्षाने जातो. परवा सी विंगमधला मुलगा आम्हाला स्टेशनवर सोडायला आला. मागे चढताना मी पट्टा लावला आणि 'टक' वाजेपर्यंत त्याला किल्ली फिरवू दिली नाही. तो हसला.

माझ्या वयाच्या मंडळींना हात जोडून सांगतो, डोळे आणि मान स्वतः तपासा. मुलांनी किल्ली काढून घ्यायची वाट बघू नका. मुलांना ते बोलताना फार जड जातं. आणि तरुणांनो, वडिलांची गाडी बंद झाली की त्यांचं जाणंयेणं बंद होतं, माणसं तुटतात. किल्ली मागायची असेल तर त्याबरोबर हेही सांगा की "बाबा, गुरुवारी तुम्हाला मी नेणार," आणि गुरुवार पाळा.

कमिटीला माझ्या तीन विनंत्या आहेत, लेखी दिल्या आहेत. एक, सगळ्यांनी गाडी गेटकडे तोंड करून लावावी. रिव्हर्स घ्यायचा तो येताना, कोणाला तरी मागे उभं करून घ्यावा, म्हणजे निघताना समोर बघून निघता येतं. दोन, गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालावी. देवळात घालतो, इथे अर्धं मिनिट लागतं. तीन, संध्याकाळी पाच ते सात मुलांची वेळ आहे, त्या वेळात वॉचमनमामांनी हात दाखवल्याशिवाय कोणीही गाडी मागे घेऊ नये. मामांचा पगार ठरवताना हेही काम धरावं.

माझा पार्किंगचा पट्टा आता रिकामा आहे. कमिटीच्या परवानगीने तिथे मुलांच्या सायकली लावायची सोय केली आहे. कालच मोजल्या, अकरा मावतात. पंधरा फुटांत, अर्धा इंचही बाहेर नाही.

वेळ जास्त घेतला असेल तर माफी असावी. चहा तयार आहे असं दिसतंय. इथेच थांबतो.